डिसेंबरअखेर की मेळा? ग्वाल्हेरात नवी गाडी घेताना

नोव्हेंबर सरला की ग्वाल्हेरात गाडी घ्यायला निघालेल्या घरात एक वाद ठरलेला असतो. आमच्या जनकगंजातल्या घरी तो मामंजी आणि ह्यांच्यात झाला. हे म्हणाले, वर्ष संपतंय, शोरूमवाले स्टॉक काढायला बसलेत, आत्ताच उरकू. मामंजींचं म्हणणं, वेडे का रे, महिनाभर थांबा, जानेवारीत ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात टॅक्स अर्धा होतो. शेवटी मी दोन्हीकडची कोटेशनं घेऊन वही उघडली, तेव्हा कळलं की दोघं दोन वेगळ्या खिशांबद्दल भांडत होते.

डिसेंबरची सूट निघते कंपनीच्या आणि डीलरच्या खिशातून. मेळ्याची निघते सरकारच्या. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली जनावरांचा बाजार म्हणून सुरू केलेल्या या मेळ्यात अलीकडे राज्य सरकार वाहनकरात ५० टक्के सूट देतं. गाडीच्या किमतीत नव्हे, फक्त करात. हे नीट लक्षात न घेता लोक ‘मेळ्यात गाडी अर्ध्यात’ अशा थाटात बोलतात.

आता आकडे मांडू. एक्स-शोरूम ९ लाखांची पेट्रोल गाडी धरा. ८ टक्क्यांनी कर ७२ हजार, मेळ्यात ३६ हजार. म्हणजे डिसेंबरमधला डीलर मेळ्यातल्या डीलरपेक्षा निदान ३६ हजारांनी जास्त खाली आला, तरच डिसेंबर परवडला. मोठ्या गाडीच्या कोटेशनवर कर दीड लाख लिहिलेला असेल, तर हीच रेघ ७५ हजारांवर जाते आणि तिथे डिसेंबरला ती ओलांडणं जड जातं. इलेक्ट्रिक गाडीवर मुळात करच कमी लागत असेल, तर मेळ्यासाठी थांबण्यात फार राम नाही.

पण डिसेंबरला कमी लेखू नका. जानेवारी उजाडला की उभी गाडी ‘मागच्या वर्षीची’ होते, ही डीलरची भीती खरी असते. त्यात आपल्याकडे १६ डिसेंबरच्या आसपास खरमास, म्हणजे शुभकार्याला वर्ज्य मानलेला महिना, लागतो आणि संक्रांतीपर्यंत हिंदी भाषक गिऱ्हाईक गाडी घरी न्यायला कचरतं. आमच्या घरी धनुर्मास म्हणजे पहाटेची मुगाची खिचडी आणि बाजरीची भाकरी, गाडीला कुणाची हरकत नाही. रिकाम्या शोरूममध्ये शेवटच्या आठवड्यात जाऊन बसा, मॅनेजर स्वतः चहा घेऊन येतो. (किमतीची गोष्ट निघाली की तो माझ्याऐवजी ह्यांच्याकडे बघून बोलायचा. वही माझ्या हातात होती.)

मेळ्यात चित्र उलटं. रेस कोर्स रोडवरच्या मैदानात गर्दी, प्रत्येक स्टॉलवर फुगे, आणि सेल्समनच्या तोंडी एकच वाक्य: ‘मॅडम, पचास परसेंट तो मिल ही रहा है, अब और क्या चाहिए?’ इथेच माणसं गार पडतात. ती सूट भोपाळनं दिली आहे, यांनी नाही. मी एवढंच विचारलं, ‘वो तो सरकार का हुआ, आपका कितना?’ मग तो ‘ऊपर बात’ करायला गेला. डिसेंबरचं कोटेशन लेखी घेऊन ठेवलेलं असेल तर हा प्रश्न जास्त जोरात विचारता येतो.

मेळ्याची खरी गंमत वेगळीच आहे. जानेवारीत डीलरकडे मागच्या वर्षी बनलेल्या गाड्या उरलेल्या असतात. त्यांच्यावर डिसेंबरची सूट मागा आणि वर कराची सवलत घ्या. गाडी आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर उत्पादनाचं वर्ष एकानं मागे असलं म्हणून काही बिघडत नाही. तीन वर्षांत विकणार असाल तर घेणारा तेच वर्ष बघून भाव पाडेल. फॉर्म २१ या विक्री प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. पैसे भरायच्या आधी ते विचारून घ्या.

मेळ्याचे तोटेही आहेत. सवलतीची अधिसूचना दर वर्षी नव्यानं निघते आणि मेळा सुरू झाल्यावरही तिची वाट बघावी लागते. ती निघण्याआधी घाईनं बिल आणि नोंदणी केली तर पूर्ण कर भरून मोकळे. विक्री मेळ्यातून आणि नोंदणी ग्वाल्हेर आरटीओत व्हावी लागते, म्हणून इंदूर-भोपाळचे लोकही एमपी ०७ नंबर घेऊन परततात.

घासाघीस मात्र दोन्हीकडे त्याच ओळींवर करायची. विमा सगळ्यात आधी. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी लागतोच, पण तो डीलरकडूनच घ्यावा असं बंधन नाही. तेवढ्याच आयडीव्हीचं (म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचं) बाहेरचं कोटेशन दाखवा, त्यांचा आकडा बहुधा खाली येतो. ‘हॅन्डलिंग चार्ज’ सरळ खोडायला सांगा. आमच्या कोटेशनवर तो साडेसात हजार होता. कशाचा, विचारल्यावर ‘गोडाऊन से लाने का’ म्हणाले, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर गेला. जुनी गाडी देणार असाल तर तिचा भाव आधी बाहेर काढून या, नाहीतर एक्स्चेंज बोनस एका हातानं देतात आणि दुसऱ्या हातानं काढून घेतात. दहा लाखांवरच्या गाडीला लागणारा १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, मात्र डीलरचा नफा नाही, तो आयकर विवरणपत्रात तुमच्या खात्यावर जमा दिसतो. त्यावर वाद घालू नका.

माझं मत विचाराल तर: जिला वेटिंग आहे अशा गाडीवर डीलर डिसेंबरातही काही सोडत नाही, तिच्यासाठी मेळाच. शोरूमच्या अंगणात धूळ खात उभ्या असलेल्या मॉडेलसाठी शेवटच्या आठवड्यात भाव काढा, ३६ हजारांची रेघ ओलांडली तर तिथेच घ्या. नाही ओलांडली तर टोकन न देता कोटेशन पर्समध्ये टाका. आम्ही तेच केलं. मेळ्यात त्याच रंगाची, ऑक्टोबरात बनलेली गाडी निघाली, आणि मामंजी अजून सांगतात की त्यांचंच बरोबर होतं.