टांगत्या कुंडीतील ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’: रोप उत्तम, लागवड चुकीची

मागच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्यातील एका रोपवाटिकेतून मी ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’चे रोप टांगत्या प्लास्टिकच्या कुंडीसह 350 रुपयांना घेतले. वाटाण्यासारख्या गोल, हिरव्या पानांचे वीतभर लांबीचे दहा-बारा सर होते, एकही मणी पिचलेला नव्हता आणि पिठ्या ढेकूण या किडीचा मागमूस नव्हता. रोपाच्या प्रतीबद्दल पूर्ण समाधान आहे.

तक्रार आहे ती लागवडीबद्दल. कुंडी सहा इंच खोल असून कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाने, निम्मीच भरलेली होती, आणि तळाची बशी कुंडीला घट्ट बसवलेली असल्यामुळे साचलेले पाणी बाहेर पडत नव्हते. हे रोप मूळचे दक्षिण आफ्रिकेतील ईस्टर्न केपच्या कोरड्या भागातले. तेथे ते कोठे लोंबत नाही, तर झुडपांच्या व खडकांच्या आडोशाने जमिनीवर पसरते आणि वेल जेथे मातीला टेकतो तेथे मुळे धरतो. त्यामुळे त्याची मुळे उथळ राहतात व बुंध्याजवळच्या पानांनाही उजेड मिळतो. खोल, अर्ध्या भरलेल्या कुंडीत नेमके उलट घडते: बुंधा सावलीत राहतो, आणि वरून सुकलेले दिसणारे कोकोपीट आतून ओलेच असते. त्यातच आठवड्यातून दोनदा पाणी घालण्याची सूचना मिळाली होती. ती पाळल्यावर तीन आठवड्यांत बुंध्यालगतचे मणी पाणचट होऊन गळू लागले.

मी रोप मातीच्या उथळ कुंडीत हलवले. बागेतली माती, जाड वाळू आणि विटेचा भरड चुरा समप्रमाणात घेऊन कुंडी जवळजवळ काठापर्यंत भरली आणि तुटलेले सर वरच आडवे ठेवले. बहुतेकांना महिन्याभरात मुळे फुटली. तेव्हापासून पाणी वार पाहून नव्हे, तर मणी पाहून देतो. प्रत्येक मण्यावर एक गडद, अर्धपारदर्शक रेघ असते. ती पानाची खिडकीच आहे, तिच्यातून उजेड आतल्या हरितद्रव्यापर्यंत पोहोचतो. मणी किंचित सुरकुतले की भरपूर पाणी द्यावे आणि ते पूर्ण निथळू द्यावे. हिवाळ्यात माझ्याकडे हे अंतर साधारण पंधरा दिवसांचे होते. पावसाळ्यात मात्र कुंडी छपराखाली घेतली आणि जुलैमध्ये एकदाच पाणी दिले. जागा पूर्वेच्या खिडकीची आहे, कारण कोवळे ऊन त्याला मानवते, पण एप्रिलच्या दुपारच्या उन्हात मणी करपतात.

या किमतीत रोप घ्यावे असेच मी सांगेन, पण घरी आणल्यावर आधी कुंडी बदलावी. रोपवाटिकेने एक सूचना चिकटवायलाच हवी होती: हे रोप खाण्यात आल्यास विषारी असते, आणि लोंबते हिरवे मणी रांगत्या मुलांना व मांजरांना सहज खुणावतात.