यॅडिफ की क्यूटीजीएमसी?

लग्नाच्या मिनीडीव्ही कॅसेटमध्ये हात हलला की कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. पाल (भारतातली टीव्ही पद्धत) चित्रणात सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं असतात; दोन वेगळ्या क्षणांची फील्ड एकाच फ्रेममध्ये दिसली की दाते उमटतात. ते घालवणारे दोन फिल्टर म्हणजे यॅडिफ आणि क्यूटीजीएमसी.

यॅडिफ एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रॅममध्येच मिळतं, साध्या लॅपटॉपवरही भराभर चालतं. पण साडीचे बारीक काठ लुकलुकतात, तिरप्या रेषांना पायऱ्या पडतात. क्यूटीजीएमसी शेजारच्या फ्रेम पाहून हेच काठ स्थिर करतं. त्यासाठी एव्हीसिंथ किंवा व्हेपरसिंथ हे स्क्रिप्टवर चालणारं व्हिडिओ सॉफ्टवेअर बसवावं लागतं आणि काम फार सावकाश चालतं.

दोन्हीकडे सेकंदाला ५० फ्रेम ठेवा, २५ केल्यास निम्मी हालचाल जाते. डीव्हीत (या कॅसेटच्या चित्रणात) खालचं फील्ड आधी येतं, फिल्टरला तसंच सांगा. उलटं दिलंत तर चालणारा माणूस मागेपुढे थरथरतो. दाते काढण्याआधी चित्राचा आकार बदलू नका, दाते कायमचे मुरतात!

नातेवाइकांना फोनवर पाठवायचंय? यॅडिफ पुरे. जपून ठेवायची प्रत क्यूटीजीएमसीनेच करा, मूळ फाइलही सांभाळा.