आठ महिने व्हीलचेअरवर: दोन इंचांचा घोळ

पहिली खुर्ची मिळाली त्याच दिवशी फॉर्म भरून घेतला: समाधानी आहात का? मी पाचपैकी पाच दिले. दोन महिने पलंगावर काढलेल्या माणसाला चाकं मिळाली की तो दुसरं काय देणार?

सीट 18 इंची, घडीची, कापडी बैठकीची. माप कुणी घेतलंच नाही. ‘ऐसपैस असलेली बरी’ म्हणाले, मलाही पटलं. पण सैल चपलेनं जे पायाचं होतं तेच इथे कंबरेचं होतं. मी कायम उजवीकडे कलायचो, त्यात कापडाची झोळी झाली. चाकं लांब पडल्यामुळे हात फाकवून ढकलायचो. खांदे ठणकायचे, मी म्हणायचो व्यायाम होतोय.

तिसऱ्या महिन्यात उजव्या बैठकीच्या हाडावर लाल चट्टा दिसला, तोही आरशात. मणक्याच्या दुखापतीमुळे तिथे मला काही कळतच नाही. बोट दाबलं तरी चट्टा पांढरा पडेना, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. तीन आठवडे पुन्हा पलंग.

मग नव्या फिजिओ मॅडमनी कडक बाकावर बसवून टेप लावली. बसल्यावर कंबरेची रुंदी 15 इंच, म्हणून सीट 16 ची. गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा आणि फूटरेस्ट जमिनीपासून किमान दोन इंच वर. हात चाक ढकलायच्या कडीच्या माथ्यावर ठेवला की कोपर काटकोनापेक्षा थोडं जास्त उघडं हवं. शेवटी गादीखाली तळहात घालून हाड टेकतंय का तेही पाहिलं. हे सगळं अर्ध्या तासात झालं. अर्धा तास!

त्या मापाने आलेल्या या नव्या खुर्चीला पाच महिने झाले. खांदे शांत आहेत, चट्टा परत आला नाही. अर्थात गादी चांगली म्हणून निवांत बसता येत नाही, दर वीस मिनिटांनी मी पुढे वाकून भार हलका करतोच.

पडलो मात्र या खुर्चीतूनच. खाली पडलेला फोन उचलायला वाकलो आणि खुर्चीसकट तोंडावर. पुढची छोटी चाकं मागे वळलेली होती. आता वाकण्याआधी खुर्ची जरा मागे घेतो, म्हणजे ती चाकं पुढे वळतात आणि खुर्चीला टेकू मिळतो. दुसरा धडा टायरचा. ब्रेक टायरवरच दाबतो, हवा कमी झाली की धरत नाही. पलंगावर सरकताना खुर्ची मागे पळाली तेव्हा हे समजलं. मागे उलटू नये म्हणून असलेली छोटी चाकं उंबऱ्याला अडतात, वैताग आहे, पण काढलेली नाहीत.

बाकी किरकोळ. डावा आर्मरेस्ट खडखडतो. पुढच्या चाकांच्या आसात केस गुंततात, ते चिमट्यानं काढावे लागतात.

पुढच्या महिन्यात पुन्हा मापाला बोलावलंय. मांड्या बारीक झाल्यात, 16 सुद्धा आता सैल वाटायला लागलीय.