जुनी लाकडी होडी घ्यावी की अख्खा संच?

जुन्या लाकडी खेळण्यांचा संग्रह सुरू करताना एकटी होडी घ्यायची की नोहाच्या नावेसारखा (बायबलमधल्या गोष्टीतली नाव आणि तिच्यातले प्राण्यांच्या जोड्या) भरगच्च संच, असा पेच पडला असेल तर आधीच सांगतो: पहिली खरेदी होडीची करा. होडी हातात घेतली की तिची सगळी अवस्था तिथल्या तिथं कळते. संचात काय कमी आहे हे ओळखायला मात्र आधी बरंच ठाऊक असावं लागतं.

तळ्यात सोडायच्या शिडाच्या होड्या म्हटलं की इंग्लंडमधल्या बर्कनहेडच्या 'स्टार यॉट'चं नाव निघतंच. बोस्टनच्या कीस्टोन कंपनीच्या फेरीबोटी नि युद्धनौका वेगळ्या धाटणीच्या, साध्या, ठोकळेबाज. शिडाच्या होडीचं कापड आणि दोऱ्या बहुधा बदललेल्याच असतात, त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. खरं पाहायचं ते लाकडी धड. उजेडात तिरकं धरा. लाकूड सुकून उभी चीर गेली असेल तर रंगाखालूनही तिची रेघ दिसते. बारीक भोकं दिसली तर होडी पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. ताजा भुसा पडला तर कीड अजून आत असण्याची शक्यता धरा. नुकताच चकचकीत रंग दिलेली होडी मी सरळ खाली ठेवतो. मूळ रंगाचे पोपडे उडालेले परवडले.

संचांची मजा निराळी, आणि खरं सांगायचं तर जास्त. नोहाच्या नावा मोठ्या प्रमाणात जर्मनीतल्या एर्झगेबिर्ग डोंगराळ भागात बनल्या; तिथल्या झायफेन गावात खाणकाम मंदावल्यावर लोक खेळण्यांकडे वळले. १९व्या शतकात कर्मठ ख्रिस्ती घरांत रविवारी बाकीची खेळणी बंद, पण बायबलमधली गोष्ट म्हणून या नावेला मुभा असे. त्यातल्या स्वस्त प्राण्यांची करामत बघण्यासारखी आहे. ओल्या लाकडाचं कडं लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर) असं कातायचं की आडव्या छेदात घोड्याची किंवा गाईची आकृती उमटते. मग केक कापतात तशा चकत्या पाडायच्या. म्हणून असा प्राणी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ निघतो. कान, शिंगं, शेपटी नंतर चिकटवलेली, आणि गळतात तीच आधी.

गोची इथंच आहे. दोन-तीन अर्धवट संच एकत्र करून 'पूर्ण' संच म्हणून विकणं सोपं असतं. जोडीतले दोन प्राणी शेजारी ठेवा. रंगाची छटा, उंची आणि पायांची ठेवण जुळत नसेल तर भाव पाडून मागा. नावेचं झाकण जागच्या जागी बसतं का, तेही पाहा.

फिशर-प्राइसचे संच हा सोपा मधला मार्ग. १९३० साली न्यूयॉर्क राज्यातल्या ईस्ट ऑरोरात सुरू झालेल्या या कंपनीच्या जुन्या खेळण्यांत लाकडावर छापील कागद चिकटवलेला असे. ओलावा लागला की तो सुटतो, त्यामुळे ओल्या फडक्यानं पुसू नका. त्यांच्या 'प्ले फॅमिली' या छोट्या माणसांच्या मालिकेतली सुरुवातीची माणसं लाकडी आहेत, पुढची प्लास्टिकची. याच मालिकेतल्या १९६८ च्या शेताच्या संचात गोठ्याचं दार उघडलं की गाय हंबरल्याचा आवाज येतो. आवाज येत असेल तर थोडे जास्त मोजायला हरकत नाही.

घरात लहान मूल असेल तर होडी असो वा संच, काचेआड ठेवा. शिशाच्या रंगावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं, आणि मुलं चाटतात ती नेमकी होडीची नाकाडं.