दुसरी गाडी सोबत नसताना: एकट्याच्या ऑफ-रोडिंगच्या सामानाचा काही महिन्यांचा अनुभव

बाजारात तयार मिळणारा रिकव्हरी किट, म्हणजे अडकलेली गाडी बाहेर काढायच्या सामानाचा संच, उघडून बघा. ताणला जाणारा कायनेटिक दोर, एक टो स्ट्रॅप, दोन शॅकल (दोर गाडीला अडकवायच्या कड्या) आणि हातमोजे. यातले हातमोजे सोडले तर बाकी कशाचाही उपयोग ओढायला दुसरी गाडी असेल तरच. मी डोंगरात आणि वाळूच्या मुलखात बहुतेक वेळा एकटाच जातो. त्यामुळे गेले काही महिने प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारत आलो: आसपास चिटपाखरू नसताना ही मला आलो तिथपर्यंत परत नेईल का? गाडी पुढे नेणारं सामान पुष्कळ मिळतं, पण एकट्याला आधी लागतं ते मागे आणणारं. त्या हिशोबाने काय गाडीत राहिलं आणि काय उतरलं, ते लिहितोय.

गाडीबद्दल थोडक्यात. लहान, लॅडर फ्रेमची (खाली शिडीसारखा वेगळा सांगाडा), पार्ट-टाइम फोर बाय फोर (एरवी दोनच चाकांना जोर, हवं तेव्हा चारही चाकांना), लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारे गिअर) असलेली. सामानासकट वजन दीड टनाच्या आत. मोठी, ताकदवान गाडी सोबत असली की धीर येतो हे खरं, पण रुतल्यावर जितकं वजन जास्त तितकं फावडं जास्त मारावं लागतं आणि ते मारणारे हात दोनच असतात. एकट्यासाठी हलकी गाडीच बरी, या मतावर मी आता ठाम आहे.

माझ्या गाडीला डिफ लॉक (ॲक्सलची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला लावणारी सोय) नाही, ब्रेकच्या जोरावर चालणारं ट्रॅक्शन कंट्रोल आहे. त्याची सवय व्हायला वेळ लागतो. तिरक्या खड्ड्यात एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक हवेत लटकलं की ती दोन चाकं गरागरा फिरतात आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो. नेमकं तेच करायचं नाही. हवेतलं चाक फिरतंय हे कळल्यावरच यंत्रणा त्याला ब्रेक लावते आणि जोर जमिनीवरच्या चाकाकडे जातो. पाय हलका पण स्थिर ठेवून सेकंदभर थांबलं की खालून कर्र कर्र आवाज येतो आणि गाडी सरकते. मात्र पार्ट-टाइम फोर बाय फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर कधीही टाकू नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसल्याने तो फरक जिरायला जागा मिळत नाही आणि शाफ्ट पिळले जातात. वाळूवर, मुरुमावर चाक थोडं घसरतं आणि तो ताण निघून जातो.

आता मुख्य मुद्दा. इतक्या महिन्यांत सगळ्यात जास्त कामी आलेली वस्तू म्हणजे हवा. टायरमधली हवा काढणं आणि परत भरणं याला ना झाड लागतं, ना दुसरी गाडी, ना दुसरा माणूस. रस्त्यावर मी ३२ पीएसआय ठेवतो. खडबडीत मुरुमाच्या वाटेवर २६, खडकांवर २०-२२, मऊ वाळूत १८. हे आकडे माझ्या गाडीच्या वजनाचे आहेत, जड गाडीला थोडे वर घ्यावे लागतात. हवा कमी केली की टायर आडवा पसरतो असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात जमिनीला टेकलेला भाग रुंदीपेक्षा लांबीला जास्त वाढतो. तोच गाडीला वाळूवर तरंगत ठेवतो. १५ च्या खाली मी फक्त रुतल्यावर जातो, तेही सरळ रेषेत, चालत्या माणसाच्या वेगाने. इतक्या कमी हवेत स्टिअरिंग जोरात वळवलं तर टायरची कड रिमवरून सुटते आणि एकट्याने ती परत बसवणं हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम होतो.

हवा काढायची म्हणजे भरायची सोय आधी हवी. कमी हवेत डांबरी रस्त्यावर वेगाने गेलात तर टायरच्या बाजूच्या भिंती सतत दुमडून तापतात आणि फाटतात. माझा पहिला कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा होता. दोन टायर भरले की तापून बंद पडायचा आणि मग तो थंड होईपर्यंत बसून राहायचं. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो, त्यामुळे त्यावरच्या यंत्राकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. आता थेट बॅटरीला चिमटे लावायचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर आहे. इंजिन चालू ठेवून चारही टायर पाव तासात भरून होतात. त्यावरचा दाबमापक मात्र हवा भरताना जास्त आकडा दाखवतो, म्हणून वेगळा साधा मापक खिशात असतो. सकाळी थंडीत मोजलेली हवा दुपारी वाढलेली दिसते, ती लगेच काढू नका. तापमान पाच-साडेपाच अंश सेल्सिअसने वाढलं की सुमारे एक पीएसआय वाढतोच.

रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या) आणि लांब दांड्याचं फावडं यांची जोडी दुसऱ्या क्रमांकावर. एक प्रसंग सांगतो, कारण त्यात दोन्हींचं काम दिसतं. कोरडं नदीपात्र होतं, वर दोन बोटं जाड कडक पापुद्रा, खाली ओला गाळ. मी आधी पायी चालून पाहिलं होतं आणि माणसाच्या वजनाला तो पापुद्रा तोलत होता. गाडीच्या वजनाने मधोमध फुटला. डावी बाजू एकदम खाली बसली आणि गती तुटल्याचं जाणवताच मी थांबलो. थांबणं इथे सगळ्यात महत्त्वाचं, कारण फिरणारं प्रत्येक चाक स्वतःचा खड्डा खोल करत जातं. उतरून पाहिलं तर मागचा ॲक्सल गाळाला टेकायच्या बेतात होता. पुढचा काठ जवळ दिसत होता, तरी मी मागे जायचं ठरवलं. मागची चाकोरी गाडीचं वजन तोलू शकते हे नुकतंच सिद्ध झालं होतं, पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. आडवं झोपून ॲक्सलखालचा गाळ ओढून काढला. इथे घडीचं छोटं फावडं असतं तर हात पोचलाच नसता. मग मागच्या चाकांमागे उतार खणून बोर्ड चाकाच्या पोटाखाली घट्ट ठोकले, हवा १२ वर आणली, लो रेंजमध्ये रिव्हर्स टाकला आणि क्लच हळू सोडला. चाकाने बोर्डाचे दात पकडल्याचा धक्का सीटमध्ये जाणवला आणि गाडी मागे चढली. अंधार पडायच्या आत कडक जमिनीवर होतो.

बोर्ड घेताना दात बघा. चाक बोर्डावर जागच्या जागी फिरलं की घर्षणाच्या उष्णतेने दात वितळतात आणि मग तो नुसता घसरडा पाट उरतो. चांगल्या नायलॉनचे बोर्ड वाकून परत सरळ होतात, साध्या प्लॅस्टिकचा माझा एक बोर्ड थंडीत सरळ तडकला. प्रत्येक बोर्डाला भडक रंगाची दोरी बांधून ठेवा. गाडी वरून गेली की बोर्ड वाळूत गडप होतो आणि तो शोधायला खणत बसावं लागतं.

विंचबद्दल, म्हणजे तारेने गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राबद्दल, माझं मत बहुतेकांना पटणार नाही. पुढच्या बंपरवरचा इलेक्ट्रिक विंच मी लावला नाही. तो गाडीच्या नाकावर वजन टाकतो, पूर्ण ताणाखाली ३०० ते ४०० अँपिअर ओढतो आणि मुख्य म्हणजे गाडीला पुढे ओढतो. सोबत कोणी नसताना गाडी अडचणीत आणखी आत नेण्यात मला अर्थ दिसत नाही. त्याऐवजी हाताने चालवायचा, दोन जबडे आळीपाळीने तार पकडत जातात तो विंच घेतला. तारेसकट उचलताना कंबर मोडते, लिव्हरच्या प्रत्येक फेऱ्याला गाडी जेमतेम काही सेंटिमीटर सरकते आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात. पण तो गाडीच्या मागेही लागतो, बाजूलाही लागतो आणि बॅटरी मेली तरी चालतो. ताण मर्यादेबाहेर गेला की त्यातली पिन तुटते आणि यंत्र वाचतं, त्यामुळे जादा पिना जवळ हव्यातच. स्नॅच ब्लॉक (तार वळवून परत आणायची कप्पी) लावला की ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो. झाडाला तार कधीच थेट गुंडाळू नका, रुंद पट्टा वापरा, नाहीतर साल कापली जाऊन झाड मरतं. झाडच नसेल तर स्टेपनी खोल पुरून तिला ओढ द्यायची. हे मी सपाट वाळूत मुद्दाम करून पाहिलं. चालतं, पण खणण्यातच माणूस दमतो, तेव्हा पाण्याचा हिशोब आधी करा.

ताणलेल्या तारेच्या रेषेत उभं राहू नये हे सगळे सांगतात. एकट्याच्या बाबतीत ते दुप्पट खरं, कारण जखम बांधायलाही कोणी नाही. याच कारणाने उंच फार्म जॅक मी गाडीतून उतरवला. त्याचा दांडा सुटला तर माणसाचा जबडा फोडू शकतो आणि उंच उचललेली गाडी त्याच्यावर डुलते. आता बॉटल जॅक आणि खाली ठेवायला जाड लाकडी फळी. उंची कमी मिळते, काम होतं. कायनेटिक दोरही उतरवला होता, मग परत ठेवला. वाटेत दुसरा कोणी अडकलेला भेटू शकतो.

पंक्चर किटमध्ये खिळ्याच्या भोकापुरते प्लग असतात. टायरच्या बाजूची भिंत फाटली तर ते धरत नाहीत. म्हणून टोकदार खडकांत मी चाक खडकाच्या माथ्यावर चढवतो, कडेने घासत नेत नाही.

संपर्काची साधनं दोन आहेत आणि दोन्ही राहणार. पहिलं पर्सनल लोकेटर बीकन. ते ४०६ मेगाहर्ट्झवर कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेला हाक देतं. १९७९ मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी मिळून ही यंत्रणा उभी करायला घेतली आणि १९८२ मध्ये तिच्यामुळे पहिले जीव वाचले. बीकनला मासिक वर्गणी नाही, सुरू केल्यावर किमान २४ तास प्रक्षेपण करतो. पण तो एकच गोष्ट बोलतो: जीव धोक्यात आहे. गाडी रुतली, उद्या पोचतो, काळजी नको, हे सांगायला दुसरं यंत्र लागतं, इरिडियमच्या उपग्रहांवरून दोन्ही बाजूंनी मजकूर पाठवणारं. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरणाऱ्या ६६ उपग्रहांचं हे जाळं ध्रुवांपर्यंत पोचतं. उघड्या माळावर संदेश लवकर जातो. अरुंद घळीत मात्र उपग्रह डोक्यावर येईपर्यंत ताटकळावं लागतं, दाट झाडीतही तेच. संध्याकाळचा संदेश मी मुक्कामाच्या जागी पोचायच्या आधी, उघड्या उंचवट्यावरून पाठवतो. काही देशांत अशी यंत्रं परवान्याशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. सीमा ओलांडण्याआधी नियम पाहून घ्या.

इंधनाचे तीन भाग: एक जायला, एक यायला, एक शिल्लक. लो रेंजमध्ये आणि मऊ वाळूत गाडी रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त पिते, तेव्हा किलोमीटर मोजून गाफील राहू नका. वाहत्या पाण्यात एकट्याने मी गाडी घालतच नाही. फूटभर जोरदार प्रवाह लहान गाडी तरंगवतो, दोन फूट बहुतेक गाड्या वाहून नेतो. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, त्यावर परतीला उशीर झाला तर लागेल तो साठा, आणि सगळं एकाच कॅनमध्ये नाही. एक कॅन फुटला तरी बाकीचं राहिलं पाहिजे.

निघण्याआधी एक कागद माझ्या बहिणीकडे जातो. वाट कोणती, पर्यायी वाट कोणती, शेवटचा संदेश किती वाजेपर्यंत आला पाहिजे आणि नाही आला तर तिने कोणाला, कोणत्या क्रमाने फोन करायचा. पहिल्या काही वेळा आम्ही वेळेची मुदत फार घट्ट ठेवली होती आणि नुसत्या उशिरानेच तिचा जीव टांगणीला लागायचा. आता दोन वेळा आहेत: एक काळजी सुरू करायची, दुसरी शोध सुरू करायची. गाडीचा रंग आणि नंबर, बरोबर किती दिवसांचं पाणी आहे हेही त्यात असतं. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, की गाडी बंद पडली तरी मी गाडीजवळच थांबेन, कारण विमानातून उन्हात चालणाऱ्या माणसापेक्षा गाडी फार लवकर दिसते.