सहानुभूतीवर डल्ला: हेट क्राइमच्या (एखाद्या समाजाच्या द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांच्या) खोट्या तक्रारी लोकांना कशा फसवतात

९ जुलै २००४ रोजी पॅरिसच्या ‘आरईआर डी’ या उपनगरी रेल्वेत सहा तरुणांनी आपल्यावर हल्ला केला, अशी तक्रार एका २३ वर्षांच्या तरुणीने पोलिसांत दिली. ते उत्तर आफ्रिकी आणि कृष्णवर्णीय होते, बॅगेतल्या कागदावर शहराच्या सोळाव्या विभागातला पत्ता पाहून, तिथे ज्यूच राहतात असे मानून, त्यांनी आपल्याला ज्यू समजले, केस कापले, पोटावर नाझी स्वस्तिके काढली आणि बाळाची गाडी उलटवली, असे तिचे म्हणणे होते. डब्यात वीसेक प्रवासी होते, पण एकही जागचा हलला नाही, हेही तिने सांगितले. बातमी फुटली आणि काही तासांत राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांच्यापर्यंत सगळ्यांचे निषेध येऊन पडले. १३ जुलैला तिने कबूल केले, की हे सगळे रचलेले होते. तिला चार महिन्यांची स्थगित कैद झाली आणि उपचार घेण्याची सक्ती झाली.

ही बनवाबनवी चार दिवस टिकली कशी, हे पाहण्यासारखे आहे. आदल्याच दिवशी, ८ जुलैला, शिराक यांनी वंशद्वेष आणि ज्यूद्वेषाविरुद्ध मोठे भाषण केले होते. म्हणजे जमीन आधीच नांगरलेली होती. फ्रान्समध्ये ज्यूंवर खरे हल्ले होत होते, त्यामुळे ‘असे होऊ शकते’ यात कुणाला शंका नव्हती. पण कथेचा खरा जोर गप्प बसलेल्या त्या वीस प्रवाशांत होता. हल्लेखोरांबद्दल चीड येतेच. गप्प प्रवाशांमुळे मात्र प्रत्येक वाचकाला स्वतःची लाज वाटली, आणि ती झटकायची म्हणून तो बोलू लागला. याच तपशिलाने पोलिसांना मात्र कोड्यात टाकले. वीस जणांनी पाहिलेल्या घटनेचा, देशभर आवाहन करूनही, एकही साक्षीदार पुढे येत नव्हता. स्थानकाच्या कॅमेऱ्यांतही तिच्या सांगण्याशी जुळणारे काही सापडले नाही.

इथे फसवणुकीचा माल पैसा नसतो, निदान सुरुवातीला तरी. आधी घेतला जातो तो आपला शब्द: आपण स्वतःच्या नावाने केलेला निषेध, पुढे पाठवलेला मजकूर, ‘मी हिच्या पाठीशी आहे’ हे वाक्य. पैसे मागाहून येतात.

पैशांचेच एक उदाहरण. नोव्हेंबर २०१३, अमेरिकेतले न्यू जर्सी राज्य. एका हॉटेलातल्या वेट्रेसने बिलाच्या पावतीचा फोटो टाकला. टिपच्या जागी काही नाही, आणि खाली तिच्या समलैंगिक असण्यावरून टिप नाकारल्याचा मजकूर. देशोदेशींहून तिला पैसे आले. मग ते जेवून गेलेले कुटुंब स्वतःची पावती घेऊन पुढे आले: बिल ९३.५५ डॉलर, टिप १८ डॉलर. त्यांच्या कार्डावर कापलेली रक्कम होती १११.५५ डॉलर. अमेरिकेत कार्डाने बिल देताना दोन स्लिपा निघतात, एक गिऱ्हाइकाची आणि एक दुकानाची. टिपचा आकडा गिऱ्हाईक दुकानाच्या स्लिपेवर हाताने लिहितो, आणि तो नंतर यंत्रात भरला जातो. म्हणजे एका स्लिपेचा फोटो हा ‘किती पैसे दिले’ याचा पुरावा होतच नाही. तो पुरावा फक्त बँकेच्या नोंदीत असतो. ज्यांनी पैसे पाठवले त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यभर अशा स्लिपांवर सह्या केल्या असतील, तरी दुसरी स्लिप कुठे आहे हे आधी विचारले गेले नाही. पुढे तिची नोकरी गेली आणि देणगीदारांना पैसे परत मिळू लागले.

यातून एक व्यावहारिक सवय लावून घेता येते. पुरावा म्हणून जे समोर ठेवले आहे, त्याची जोडीची नोंद कुणाकडे असते ते विचारायचे. पावती असेल तर बँकेकडे, फोन आल्याचे सांगितले असेल तर कंपनीकडे, टॅक्सीचा प्रवास असेल तर ॲपमध्ये, इजा असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरकडे. ती नोंद आपल्याला मिळणार नाही, ती मागत फिरायचीही नाही. ती अस्तित्वात आहे आणि अजून कुणी पाहिलेली नाही, एवढे कळले की निकाल देण्याची घाई आपोआप कमी होते.

लाइपझिगचे प्रकरण या विषयातले सर्वांत शिकवणारे. ऑक्टोबर २०२१ मध्ये जर्मन गायक गिल ओफारिम याने इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकला. हॉटेलच्या स्वागतकक्षात रांगेत ताटकळत ठेवले, आणि गळ्यातला दाऊदचा तारा, म्हणजे ज्यूंचे धार्मिक चिन्ह, आत टाकायला सांगितले, अशी त्याची तक्रार होती. संध्याकाळपर्यंत हॉटेलसमोर शेकडो लोक जमले. संबंधित कर्मचाऱ्याला रजेवर पाठवण्यात आले आणि त्याला धमक्या येऊ लागल्या. तपासात कॅमेऱ्यांचे चित्रण तज्ज्ञाने तपासले. त्या वेळी तारा दिसत असल्याचे त्यात आढळले नाही. मार्च २०२२ मध्ये आरोपपत्र उलट ओफारिमवरच दाखल झाले: खोटा आळ घेणे आणि बदनामी. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी, खटला सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी, त्याने न्यायालयात स्वतःवरचे हे आरोप खरे असल्याचे मान्य करून त्या कर्मचाऱ्याची माफी मागितली. १०,००० युरो देण्याच्या अटीवर खटला थांबवला गेला.

दोन गोष्टी इथे बारकाईने बघाव्यात. पहिली, स्वागतकक्षातल्या चित्रणाला आवाज नव्हता. कॅमेरा ‘कोण काय बोलले’ हे सांगत नाही. ‘तारा दिसत होता का’ एवढेच सांगू शकतो. म्हणून ‘सीसीटीव्हीत सगळे आहे’ असे कुणीही, कोणत्याही बाजूने म्हणाले, तर आधी विचारावे की नेमका कोणता दावा त्या चित्रणाने तपासता येतो. दुसरी, व्हिडिओ ते कबुली यात दोन वर्षांहून जास्त काळ गेला. त्या काळात तो कर्मचारी जगाच्या दृष्टीने ज्यूद्वेष्टा होता. निदर्शनाला आलेल्यांपैकी कुणाचाही हेतू वाईट नव्हता, आणि त्यांच्या चांगल्या हेतूचा त्याला काडीचाही उपयोग नव्हता.

‘तीन दिवस थांबा, मग बोला’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अपुरा आहे. टोरोंटोत जानेवारी २०१८ मध्ये ११ वर्षांच्या मुलीने एका माणसाने आपला हिजाब कात्रीने कापल्याचे सांगितले, तेव्हा पोलिसांनी तीन दिवसांत ‘असे घडलेच नाही’ म्हणून जाहीर केले. तोवर कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो बोलून मोकळे झाले होते. त्या मुलीला शाळेतच पत्रकारांसमोर उभे करण्यात आले होते, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात अक्षम्य काही असेल तर ते हेच. मुलगी लहान होती, मोठी माणसे लहान नव्हती. पॅरिसला चार दिवस लागले, लाइपझिगला दोन वर्षे. दिवस मोजून उपयोग नाही. वाट पाहायची ती एका विशिष्ट गोष्टीची: तक्रार करणारा सोडून दुसऱ्या कुणीतरी, स्वतःच्या माहितीवरून, काहीतरी पडताळून सांगण्याची. ‘पोलिसांनी तक्रार नोंदवली’ ही पडताळणी नव्हे. पोलीस तक्रार नोंदवतातच, ते त्यांचे काम आहे. दहा वाहिन्यांनी बातमी दिली हीदेखील नव्हे. ती दहा ठिकाणी छापलेली एकच तक्रार असते. बातमी उघडून प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘असे कुणी सांगितले’ ते शोधा. सगळी बोटे एकाच माणसाकडे वळत असतील, तर तुमच्या हातात एकच साक्ष आहे.

शिकागोच्या प्रकरणाकडे वेगळ्या कारणाने बघावे लागते. २९ जानेवारी २०१९ च्या पहाटे दोनच्या सुमारास अभिनेता जसी स्मोलेट याने दोघांनी हल्ला केल्याचे सांगितले: वंशद्वेषी आणि समलैंगिकद्वेषी शिव्या, गळ्यात दोरीचा फास, अंगावर रसायन. कमला हॅरिस आणि कोरी बुकर या दोन्ही सिनेटरांनी त्याला आधुनिक काळातला ‘लिंचिंग’चा प्रयत्न म्हटले. त्याच वेळी शंका घेणारेही होते, आणि त्यांचे मुख्य कारण काय? इतक्या कडाक्याच्या थंडीत पहाटे दोनला कोण बाहेर पडतो! हे कारण फालतू होते. खऱ्या हल्ल्यातली माणसेही अवेळी, विचित्र ठिकाणी, विचित्र कारणाने असतात. कथा विचित्र वाटली म्हणजे ती खोटी ठरत नाही. प्रकरण उलगडले ते तर्कटाने नव्हे, पायपिटीने. पोलिसांनी परिसरातले कॅमेरे एकामागून एक पाहिले, टॅक्सी आणि ॲपवरच्या गाडीच्या नोंदी जुळवल्या आणि दोन भावांपर्यंत पोहोचले. ते दोघे स्मोलेटच्या ओळखीचे निघाले. त्याने त्यांना ३,५०० डॉलरचा चेक दिलेला होता. तो हल्ला घडवून आणण्याचा मोबदला होता असे भावांनी सांगितले, व्यायामाच्या मार्गदर्शनाचे पैसे होते असे स्मोलेटने. तपासातल्या ओव्हरटाइमपोटी शहराने त्याच्याकडे १,३०,१०६ डॉलर मागितले.

पुढचा भाग सांगताना भलेभले घसरतात. मार्च २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी आरोप मागे घेतले. नंतर विशेष अभियोक्ता नेमला गेला, डिसेंबर २०२१ मध्ये ज्यूरीने सहापैकी पाच आरोपांत त्याला दोषी ठरवले, आणि मार्च २०२२ मध्ये १५० दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण आरोप मागे घेताना त्याच्याशी झालेला समझोता सरकारने पाळायला हवा होता. हल्ला खरा की बनाव, यावर तो निकाल नव्हता. स्मोलेट आजवर आरोप नाकारत आला आहे. म्हणून ‘तो निर्दोष सुटला’ हेही चूक आणि ‘शिक्षा कायम आहे’ हेही चूक. अशा प्रकरणावर लिहिताना ‘पुरावा अपुरा’, ‘तक्रार मागे घेतली’, ‘तांत्रिक कारणाने रद्द’ आणि ‘खोटे सिद्ध झाले’ हे चार वेगळे शेरे आहेत. पहिले तीन वाचून चौथा पसरवणारा माणूस स्वतःच अफवा पसरवत असतो.

आणि हीच फसवणुकीची दुसरी लाट. बनाव उघडा पडला की लगेच जुन्या बनावांच्या याद्या फिरू लागतात आणि ‘हे सगळे असेच असते’ असा सूर लागतो. या याद्यांत खोट्या तक्रारी मोजलेल्या असतात, एकूण तक्रारी किती ते नसते. अमेरिकेत एफबीआयने एकट्या २०१९ साली हेट क्राइमच्या ७,३१४ घटना नोंदवल्या, आणि तिथल्या न्याय खात्याची बळी-सर्वेक्षणे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत की मोठा हिस्सा पोलिसांपर्यंत जातच नाही. गाजलेले बनाव बोटांवर मोजता येतात, कारण ते गाजतात. पहिल्या लाटेत ज्याने फसून निषेध केला, तोच दुसऱ्या लाटेत चिडून पुढच्या खऱ्या तक्रारदाराला खोटारडा ठरवतो. मग त्याला दोनदा फसवले गेले असे म्हणावे लागते.

उलट दिशेची किंमतही लक्षात असू द्या. १९८९ मध्ये बॉस्टनच्या चार्ल्स स्टुअर्टने गरोदर पत्नीच्या खुनाचा आळ एका अनोळखी कृष्णवर्णीय माणसावर घेतला. पोलिसांनी मिशन हिल ही अख्खी वस्ती धुंडाळली, तरुणांना रस्त्यात अडवून झडत्या घेतल्या. जानेवारी १९९० मध्ये त्याच्या भावाने तोंड उघडले, खून स्टुअर्टनेच केल्याचे सांगितले, आणि स्टुअर्टने पुलावरून उडी घेतली. चुकीने संशयित ठरवल्या गेलेल्या दोघांची शहराच्या महापौरांनी औपचारिक माफी मागितली ती डिसेंबर २०२३ मध्ये. आरोपीचे वर्णन ‘अमुक समाजाचा माणूस’ एवढेच असेल, तर ते पुढे पाठवणारा प्रत्येक जण त्या समाजातल्या कुणाचीतरी झडती घडवून आणतो.

मग नवी बातमी आली की करायचे काय? तक्रारदार ओळखीचा असेल तर मदतीला निकालाची गरज नसते. सोबत जा, डॉक्टरी तपासणी त्याच दिवशी करून घ्या, कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, फोनमधले मेसेज पुसू देऊ नका. सगळ्यांत तातडीचे म्हणजे आसपासच्या कॅमेऱ्यांचे चित्रण राखून ठेवावे म्हणून मालकाला लेखी कळवा, कारण बहुतेक यंत्रे काही दिवसांत किंवा आठवड्यांत जुने चित्रण पुसून त्यावरच नवे भरतात. तक्रार खरी असेल तर तोच तिचा आधार ठरतो. खोटी तक्रार करणारा बहुधा याच पायरीवर अडखळतो, पण अडखळला म्हणून खोटा असेही नाही; धक्क्यातल्या माणसालाही कॅमेरे नकोसे वाटतात.

तक्रारदार अनोळखी असेल तर नाव, फोटो, पत्ता, कामाचे ठिकाण यांतले काहीही पुढे पाठवू नका. दुकानाला किंवा हॉटेलला रागाने वाईट रेटिंग देऊ नका. बोलायचेच असेल तर ‘असा आरोप झाला आहे, तपास व्हावा’ एवढे म्हणून निषेध पुरेसा होतो. पैसे देण्याआधी वर्गणी कोण गोळा करतो आहे, रक्कम कुणाच्या खात्यात जाते, ती काढण्याचा अधिकार कुणाला आहे आणि परताव्याचा नियम काय, ही चार उत्तरे पानावर सापडली पाहिजेत. कार्डाने दिले तर बँकेकडे हरकत घेता येते. थेट वैयक्तिक खात्यात पाठवलेले पैसे परत मिळवणे फार अवघड.

आणि आधीच काही पाठवून बसला असाल, तर गुपचूप पुसू नका. ज्यांनी वाचले त्यांना पुसलेले कळत नाही, त्यांच्या मनात जुनेच राहते. त्याच जागी, त्याच गटात, वरच्या ओळीत दुरुस्ती लिहा: काय सांगितले होते, आता कुणी काय पडताळले, आणि ज्याच्यावर आळ आला होता त्याने ते केलेले नाही. हे शेवटचे वाक्य लोक हमखास गाळतात. आळ आलेल्याला मात्र तेच हवे असते, आणि तेही मूळ मजकूर जितक्यांपर्यंत गेला तितक्यांपर्यंत.