सकर माशाचा धोका तपासताना: हवामानाचा नकाशा की पंचावन्न प्रश्न?

महाराष्ट्रात एखाद्या परकीय माशाच्या आक्रमकतेची जोखीम तपासायची ठरवली, तर व्यवहारात दोन वाटा समोर येतात. पहिली वाट अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने रूढ केलेल्या ईआरएसएस (इकॉलॉजिकल रिस्क स्क्रीनिंग समरी) या झटपट चाळणीची. त्या माशाने जगात इतरत्र उपद्रव केल्याची नोंद आहे का, आणि तो जिथे जगतो तिथले हवामान आपल्या हवामानाशी जुळते का, या दोन आधारांवर तीत धोका ‘जास्त’, ‘कमी’ किंवा ‘अनिश्चित’ ठरवला जातो. दुसरी वाट ब्रिटनच्या सेफास या मत्स्य व जलपर्यावरण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने 2016 मध्ये आलेल्या एएस-इस्क (ॲक्वाटिक स्पीशीज इन्व्हेसिव्हनेस स्क्रीनिंग किट) या प्रश्नावलीची. तीत 55 प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात आणि प्रत्येक उत्तराला कारण आणि त्याबद्दलच्या खात्रीची श्रेणी लिहावी लागते. उजनी जलाशयातील सकर माशाच्या (काचपेटीत पाळल्या जाणाऱ्या, कठीण खवल्यांच्या दक्षिण अमेरिकी माशाच्या) निमित्ताने मी या दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. पदव्युत्तर प्रकल्प हाती घेणारे विद्यार्थी, मत्स्यव्यवसाय विभागातील अधिकारी आणि जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांना निवड करताना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव मांडतो आहे.

झटपट चाळणीची बाजू आधी मांडणे न्याय्य ठरेल, कारण तिचे गुण खरोखरच मोठे आहेत. हवामान जुळवण्यासाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेली क्लायमॅच ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. मासा जगात जिथे स्थिरावला आहे ती ठिकाणे तिला दिली, की तापमानाचे आणि पावसाचे मिळून 16 घटक तपासून ती आपल्या प्रदेशातील प्रत्येक बिंदूला 0 ते 10 असा गुण देते. इतिहासाची बाजूही सकर माशाच्या बाबतीत भक्कम आहे. मेक्सिकोतील इन्फिएर्निल्यो धरणात चिलापीची मोठी मासेमारी चालत असे. तिथे हाच मासा माजला आणि मच्छीमारांच्या जाळ्यांत चिलापीच्या जागी त्याचेच ढीग येऊ लागले. फ्लोरिडात त्याने कालव्यांच्या व तळ्यांच्या काठांत बिळे करून काठ पोखरल्याच्या नोंदी आहेत. एवढी सामग्री हाताशी असताना एका बैठकीत निष्कर्ष निघतो आणि तो चुकीचा असण्याची शक्यता कमी असते. शिवाय ज्या देशात हिवाळा कडक असतो तिथे उष्णकटिबंधीय माशाच्या बाबतीत हवामान हाच खरा पहारेकरी असल्यामुळे, अमेरिकेसारख्या ठिकाणी ही पद्धत उत्तम काम करते यात नवल नाही.

माझा विरस झाला तो नकाशा दख्खनवर ठेवल्यावर. सकर माशाचा मूळ प्रदेश ॲमेझॉनचे खोरे. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो वर्षभर विखुरलेला असतो. उजनी धरण ज्या सोलापूर जिल्ह्यात आहे, तो मात्र अवर्षणप्रवण पट्ट्यात येतो. केवळ मूळ प्रदेशातील बिंदू देऊन मी जो नकाशा काढला, त्यात कोकणपट्टी बऱ्यापैकी जुळली आणि भीमेचे खोरे फिके पडले. म्हणजे ज्या जलाशयात मच्छीमार या माशाला रोज शिव्या घालतात, नेमका तोच भाग नकाशाने कमी धोक्याचा दाखवला. त्यानंतर मेक्सिको, फ्लोरिडा आणि आग्नेय आशियातील बिंदू जोडले, तेव्हा जवळजवळ सगळा भारतच जास्त जुळणीच्या रंगात न्हाऊन निघाला. पहिल्या नकाशाने उजनी वगळली आणि दुसऱ्याने काहीच वगळले नाही. मग कोणत्या तालुक्यावर लक्ष ठेवायचे, हा माझा प्रश्न होता तिथेच राहिला.

हा दोष प्रणालीच्या गणिताचा नाही, हे नमूद करायला हवे. क्लायमॅच हवेचे तापमान आणि पाऊस पाहते, तर मासा पाण्यात राहतो. उजनीचे पाणी सोलापूरच्या पावसावर अवलंबून नाही. ते सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचे असून भीमा आणि तिच्या उपनद्यांतून वाहत येते, आणि 1980 पासून धरणाने ते अडवून धरले आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये घरच्या काचपेटीत न मावणारा सकर कोणी नदीत सोडला, तर मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून यशवंतसागरात, म्हणजे उजनीच्या जलाशयात, जाण्याचा त्याचा मार्ग मोकळाच आहे. या मार्गाची नोंद पर्जन्यमानाच्या आकड्यांत कुठेही होत नाही. थंड देशांतही असेच घडते. जर्मनीत कोलोनजवळच्या गिलबाख या ओढ्यात वीजनिर्मिती केंद्राचे कोमट पाणी सोडले जाते, आणि हवेचे तापमान पाहता जिथे गप्पी टिकूच नयेत, तिथे काचपेटीतून सुटलेल्या उष्णकटिबंधीय माशांनी बस्तान बसवले आहे. दख्खनमध्ये मात्र हा अपवाद उरत नाही. आपल्याकडे मोठे गोडे पाणी म्हटले की बहुतेक वेळा ते धरणच असते, आणि त्यामुळे पावसावर आधारलेली जुळणी इथे नियमितपणे फसू शकते, असे मला वाटते.

इतिहासाच्या आधारालाही एक मर्यादा आहे, जरी ती माझ्या निर्णयात दुय्यम ठरली. इतरत्र उपद्रव झाल्याची नोंद व्हायला तिथे कोणीतरी अभ्यास केलेला असावा लागतो. व्यापारात नव्याने आलेल्या माशाबद्दल अशी नोंद नसते, आणि मग निष्कर्ष ‘अनिश्चित’ असा येतो. कागदावर तो प्रामाणिक असला, तरी परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात त्याने काहीच पडत नाही.

एएस-इस्क या प्रश्नावलीची वंशावळ थोडी वेगळी आहे. तिचे मूळ ऑस्ट्रेलियात तणांची जोखीम तपासण्यासाठी केलेल्या प्रश्नसंचात आहे. त्यावरून ब्रिटनमध्ये गोड्या पाण्यातील माशांसाठी फिस्क तयार झाली, पुढे फ्लोरिडासारख्या उष्ण प्रदेशांना लागू व्हावी म्हणून तिची दुसरी आवृत्ती आली, आणि अखेर सर्व जलचरांना सामावून घेणारी आजची प्रश्नावली आकाराला आली. 49 प्रश्न मूळ जोखमीचे आणि 6 प्रश्न हवामानबदलाने ती जोखीम वाढेल की घटेल याचे. हवामानाची जुळणी इथेही विचारली जाते, परंतु तो अनेकांपैकी एक प्रश्न असतो, आणि त्यालाच लागून जुळणीसाठी वापरलेली माहिती कितपत चांगली आहे असेही विचारलेले असते. माझी अडचण ज्या ठिकाणी झाली होती, तिथे ही प्रश्नावली मला लिहू देते की पावसाची जुळणी कमी आहे, मात्र जलाशयामुळे ती निर्णायक मानता येत नाही.

एका प्रश्नाचे उदाहरण घेतले, तर या पद्धतीची ताकद लक्षात येईल. पाण्याबाहेर तासभर किंवा त्याहून अधिक काळ हा जीव तग धरू शकतो का, असा एक प्रश्न सहनशीलतेच्या भागात आहे. सकर मासा पाण्यातला प्राणवायू कमी झाला की पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि जठराच्या भिंतीतून प्राणवायू शोषतो, हे ग्रंथांतून कळते. पण उजनीच्या भिगवणकडच्या काठावर जे दिसते ते त्याहून बोलके आहे. जाळ्यात अडकलेला सकर सोडवणे हे अत्यंत जिकिरीचे काम असते. छातीच्या पराचा जाड काटा ताठ उभा राहतो, अंगावरच्या हाडासारख्या खवल्यांच्या रांगांत जाळ्याचे धागे गुंततात, आणि कितीही सावकाश ओढले तरी बहुधा जाळ्याचे दोन-चार आस (डोळे) कापल्याशिवाय तो निघत नाही. वैतागलेला मच्छीमार तो काठावर भिरकावून देतो. दुपारच्या उन्हात धूळ माखलेला तो मासा मेला असे समजून उचलायला जावे, तर शेपटीचा फटका बसतो. हे निरीक्षण मी उत्तराच्या समर्थनात लिहिले आणि खात्रीच्या रकान्यात सर्वांत वरची श्रेणी दिली. उन्हाळ्यात पाणी मागे सरकून डबकी उरतात तेव्हा हा गुण किती महत्त्वाचा ठरतो, हे हवामानाच्या कोणत्याही नकाशावर उमटत नाही. मच्छीमाराचे ज्ञान नोंदवायला ज्या पद्धतीत रकाना आहे, ती मला आपल्या परिस्थितीला अधिक जवळची वाटते.

आणखी एक सोय मला फार उपयोगी पडली. आपल्याकडचा सकर नेमका कोणत्या प्रजातीचा, हे पोटावरच्या नक्षीवरून ठरवतात. सुटे ठिपके असतील तर टेरिगोप्लिक्थिस पार्डॅलिस, ठिपके एकमेकांत मिसळून नागमोडी रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस. प्रत्यक्षात एकाच जाळ्यात दोन्हींच्या मधल्या नक्षीचे मासे मिळतात आणि ते संकर असावेत असे मानले जाते. हवामान-जुळणीला प्रजातीचे नाव आधी द्यावे लागते, कारण त्याशिवाय बिंदूच मिळत नाहीत. प्रश्नावली मात्र संपूर्ण गटाला एकक मानून भरता येते आणि ओळखीतली ही शंका खात्रीच्या श्रेणीत उतरवता येते.

प्रश्नावलीचे दोषही सांगायला हवेत. ती वेळखाऊ आहे. एका माशाचे समर्थन नीट लिहायचे तर संदर्भ शोधण्यात दिवस जातात, आणि मॅक्रो चालणाऱ्या एक्सेलशिवाय काम पुढे सरकत नाही. दोन व्यक्तींनी एकाच माशासाठी ती भरली, तर उत्तरांवरून निघणारे एकूण गुण तंतोतंत सारखे येत नाहीत. यावर उपाय म्हणून दोघांनी स्वतंत्रपणे भरून नंतर मतभेदाचे प्रश्न एकत्र बसून सोडवावेत. असे करताना वाद नेमका कुठे आहे हे उघड होते, आणि तोच अहवालाचा सर्वांत उपयुक्त भाग ठरतो असे मला आढळले आहे.

याहून गंभीर अडचण उंबरठ्याची आहे. मूळ जोखमीचा गुण उणे 20 ते 68 या पट्टीत येतो. 1 पेक्षा कमी गुण म्हणजे कमी धोका, हे ठरलेले असले तरी मध्यम आणि जास्त यांमधली रेषा प्रत्येक प्रदेशाने स्वतः आखायची असते. फिस्कच्या काळात ब्रिटनसाठी हा उंबरठा 19 होता, तर फ्लोरिडाच्या द्वीपकल्पासाठी 10.25 निघाला. म्हणजे 15 गुण मिळवणारा मासा एका ठिकाणी मध्यम आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त धोक्याचा ठरतो. म्हणून परदेशी निबंधातला आकडा उचलून महाराष्ट्राला लावणे अयोग्य होईल. हिमाचलच्या गोविंदसागरात 1971 मध्ये अपघाताने शिरलेल्या चंदेऱ्या कार्पने तिथल्या कटल्याला मागे सारले. त्यावरून आपल्या प्रत्येक जलाशयाबद्दल तसाच निष्कर्ष काढता येत नाही, तसेच हेही आहे. उंबरठा आखण्यासाठी पंधरा-वीस तरी प्रजातींचे मूल्यांकन हवे, आणि त्यांत उपद्रवी ठरलेल्यांबरोबर न ठरलेल्याही असाव्यात. एकट्या विद्यार्थ्याला हे काम जड जाते. त्यामुळे ज्यांना एकाच माशाबद्दल आठवडाभरात मत द्यायचे आहे, त्यांना मी प्रश्नावलीचा आग्रह धरणार नाही.

शोभिवंत माशांच्या व्यापारातील लांबलचक यादीतून कोणते आधी तपासायचे हे ठरवायचे असेल, तर झटपट चाळणीच हाती घ्यावी. हिमालयाच्या पायथ्याशी किंवा उत्तरेकडच्या थंड पाण्यात काम करणाऱ्यांनाही तिचा फायदा मिळेल, कारण तिथे हिवाळा अजून निर्णायक आहे. परंतु धरणे, बंधारे आणि शेततळी यांच्या पाण्याचा प्रश्न असेल, मासा आधीच पाण्यात उतरलेला असेल, आणि अहवाल वाचणारा माणूस ‘हे कशावरून म्हणता?’ असे विचारणार असेल, तर माझा कल प्रश्नावलीकडे आहे.

ती निवडणाऱ्यांनी सुरुवात सकरपासून करू नये, असे मी सुचवीन. 1952 मध्ये भारतात आणलेली मोझांबिकची चिलापी आणि देशात संवर्धनास बंदी असलेला आफ्रिकन मांगूर यांच्याबद्दल आपल्याकडे भरपूर माहिती आहे, तेव्हा प्रश्नांची सवय त्यांच्यावर व्हावी. त्यानंतर रूपचंद आणि पंगास हे संवर्धनातले परदेशी मासे घ्यावेत. त्यांच्याबद्दल संवर्धकांचे आणि अभ्यासकांचे मत एक नाही, त्यामुळे समर्थन काळजीपूर्वक लिहावे लागते. सकरची पत्रके त्यानंतर भरावीत आणि ती भरताना जलाशयावरच्या दोन जाणत्या मच्छीमारांना शेजारी बसवावे. बिळे काठाच्या कोणत्या बाजूला, किती खोलीवर आणि कोणत्या महिन्यांत दिसतात, याची उत्तरे सध्या तरी त्यांच्याकडूनच मिळतात.